अँगलसीचा तांब्याचा डोंगर

उत्तर वेल्समधील अँगलसी बेटावर येणारे आपल्याकडचे पाहुणे बहुधा तीन गोष्टी पाहून परततात: थॉमस टेलफर्डने बांधलेला आणि 1826 मध्ये खुला झालेला मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल, बोमारिसचा अपुरा राहिलेला किल्ला आणि लांबलचक नावाच्या पाटीमुळे प्रसिद्ध झालेले रेल्वे स्थानक. बेटाच्या उत्तर टोकाकडील आम्लुख गावामागे असलेल्या पॅरिस माउंटनकडे सहसा कोणी वळत नाही. उंची जेमतेम 147 मीटर असल्याने त्याला डोंगर म्हणणे हे औदार्यच आहे. परंतु माझ्या मते या बेटाचा खरा इतिहास कुठे वाचता येत असेल, तर तो इथेच.

माथ्यावर पोहोचताच समोर एक प्रचंड खड्डा उघडतो. पिवळे, तांबडे, जांभळे आणि काळे असे त्याचे उतार गवताच्या पात्यावाचून उघडे पडलेले आहेत. हा खड्डा निसर्गाने केलेला नसून माणसांनी पहारी, कुदळी आणि सुरुंगाची दारू वापरून खोदलेला आहे. येथे सुमारे 4000 वर्षांपूर्वी, कांस्ययुगातही तांबे काढले जात होते, याचा पुरावा जमिनीखाली सापडलेल्या कोळशातून आणि दगडी हातोड्यांतून मिळाला आहे. मात्र मोठी भरभराट सुरू झाली ती 2 मार्च 1768 रोजी, जेव्हा रोलंड प्यू नावाच्या स्थानिक खाणकामगाराला तांब्याचा मोठा साठा सापडला. बक्षीस म्हणून त्याला दारूची एक बाटली आणि राहण्यासाठी बिनभाड्याचे घर मिळाले, असे येथे सांगतात.

पुढे या डोंगरातून कोणाला काय मिळाले, हे पाहिले की ती बाटली फारच लहान वाटू लागते. जमिनीची मालकी बेली घराणे आणि एडवर्ड ह्यूज नावाचा पाद्री यांच्यात विभागलेली असल्याने वाद कोर्टात गेला आणि ह्यूजची बाजू मांडणारा वकील थॉमस विल्यम्स हाच अखेरीस साऱ्या व्यवहाराचा सूत्रधार झाला. 1780 च्या दशकात ही जगातील सर्वांत मोठी तांब्याची खाण होती आणि ब्रिटनमधील तांब्याच्या बाजारावर विल्यम्सची पकड होती. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून जहाजांचे तळ वाचवण्यासाठी ब्रिटिश आरमाराला तांब्याचे पत्रे हवे होते. पण पत्रा बसवण्यासाठी लोखंडी खिळे वापरले, तर खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सान्निध्याने तेच लवकर गंजत, म्हणून विल्यम्सने कठीण केलेल्या तांब्याचे खिळे पुरवण्याचा धंदाही उभारला. कामगार त्याला ‘न्यायी टॉम’ म्हणत. याच टॉमच्या कारखान्यांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गुलामांच्या व्यापारासाठी तांब्या-पितळेचा माल तयार होत असे आणि त्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्याने 1788 मध्ये संसदेकडे अर्जही केला होता. न्याय बेटापुरताच असावा.

सरकारी टांकसाळ तांब्याची नाणी पाडत नसल्यामुळे मजुरी द्यायला सुट्टे पैसेच नव्हते. तेव्हा 1787 पासून कंपनीने स्वतःची नाणी काढली. त्यांवर ओकच्या पानांच्या माळेत एका दाढीवाल्या ड्रुइडचा, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताचा, चेहरा आहे. ज्या ड्रुइड पुरोहितांचा बालेकिल्ला मोडण्यासाठी रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस इसवी सन 60 च्या सुमारास सामुद्रधुनी ओलांडून या बेटावर उतरला, त्यांचीच प्रतिमा पुढे मजुरांच्या हातात पगार म्हणून पडावी, हे मला फार गमतीचे वाटते.

मजुरांत स्त्रियाही होत्या. त्यांना ‘तांबेवाल्या बाया’ म्हणत. डाव्या हाताच्या बोटांवर लोखंडी कड्या असलेला मोजा चढवून त्या खनिजाचा तुकडा धरीत आणि उजव्या हाताने हातोडी मारून त्यातला दगड वेगळा करीत. निवडलेले खनिज आम्लुखच्या अरुंद बंदरातून गलबतांनी स्वान्सी आणि लँकशायरमधील भट्ट्यांकडे जाई. बेली घराण्याचा वंशज वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावून अँगलसीचा मार्क्विस, म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार, झाला आणि त्याच्या नावाचा उंच स्तंभ बेटावर उभा आहे. ह्यूजचा मुलगा लॉर्ड झाला. या बायांपैकी एकीचेही स्मारक मला अजून दिसलेले नाही.

वरचा साठा संपल्यावर कॉर्नवॉलहून आलेल्या तज्ज्ञांनी खोल विहिरी खणून काम पुढे चालवले. तरीही स्वस्त परदेशी तांब्यापुढे खाणीचा निभाव लागला नाही. नंतर खाणीतले पाणी कुंडांत साठवून, त्यात भंगार लोखंड टाकून विरघळलेले तांबे वेगळे काढले जाई. ते आम्लधर्मी पाणी आजही झिरपते आणि ‘लाल नदी’ या नावाच्या ओढ्यातून समुद्राला मिळते. जमिनीखाली जस्त, तांबे आणि शिसे शिल्लक असल्यामुळे खाण पुन्हा सुरू करण्याचे बेत मात्र अनेक वर्षे चालूच आहेत.