गाठ तर काढली, मग किमो कशाला?

अण्णांच्या फुफ्फुसातली गाठ काढून आम्ही परभणीला घरी आलो तेव्हापासून बघायला येणारं जो तो विचारायलंय, "गाठ निघाली ना, मग किमो कशाला लावून घेता म्हाताऱ्याला?" सगळ्यांना सांगून तोंड दुखायलंय, म्हणून इथंच लिहून टाकते.

ऑपरेशनमधी दिसतं तेवढं निघतं. अण्णांच्या रिपोर्टमधी जवळच्या लिम्फ नोडला, म्हणजे अंगातल्या बारक्या गाळणी-गाठीला, पण कॅन्सर निघाला, म्हणजे दुसरी स्टेज, अन् अशात एखादी पेशी रक्तातून कुठं जाऊन बसली असंल तर ती पेट स्कॅनमधी पण दिसत नाही. किमो तिच्यासाठी. गाठ बारकी अन् नोड साफ असते तर दिलीच नसती, त्यात फायदा कमी, त्रास जास्त.

फायदा किती ते मी डॉक्टरांना खोदून विचारलं. सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाच्या किमोनं 5 वर्षांनी शंभरात साधारण 5 माणसं जास्त जगलेली दिसतात म्हणले. मला तर रडूच आलं, एवढ्या त्रासाला पाचच? अण्णा म्हणले, "हरळी खणली तरी काशा वेचायला परत रानात जातोच की." झालं, ठरलं.

4 सायकल, दर 21 दिवसांनी, संभाजीनगरला. औषध किडनीला लागतं म्हणून आधी सलाईन, नंतर सलाईन, घरी उशाला तांब्या. कानात किर्रर्र वाजतं म्हणतेत. मटणाचा वास नको झालाय, येसराच्या आमटीत भाकरी चुरून दिली की तेवढी जाते. ताप 100.4 झाला की मध्यरात्र का असंना, दवाखाना गाठायचा, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, हे शेजारच्या काकूंना पटत नाही.

अन् काढलेल्या गाठीची ईजीएफआर, एएलके टेस्ट, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या जनुकांतले बदल बघायची तपासणी, मागून घ्या, कुणी सांगो न सांगो. ईजीएफआरचा नेमका बदल सापडला तर ऑसिमर्टिनिबची रोज एक गोळी, 3 वर्षं. एएलके असंल तर अलेक्टिनिब, 2 वर्षं. बिडी-सिगरेट कधी न ओढलेल्या बायांत ईजीएफआर जास्त सापडतं. अण्णा जुने बिडीवाले, दोन्ही निगेटिव्ह.

शेक (रेडिएशन) देणार का, हे मामांचं रोजचं. नाही मामा, काढलेल्या भागाच्या कडा साफ आल्यात, शेक नाही सांगितला.