खिद्रापूर: नंदी नसलेला महादेव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या, म्हणजे महादेवाच्या देवळात शिरताच आईने पहिला प्रश्न केला, "अरे, नंदी कुठाय?" खिद्रापूरची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

दक्षाच्या यज्ञाला बोलावणं नसताना सती माहेरी निघाली, ती नंदीवर बसून. तिथे नवऱ्याचा अपमान सोसवेना म्हणून तिने यज्ञकुंडात उडी घेतली. महादेव कोपले. त्यांची समजूत काढायला विष्णू आले. म्हणून इथे गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत: कोपलेला कोपेश्वर आणि समजूत घालणारा धोपेश्वर. महादेवाच्या गाभाऱ्यात विष्णूही लिंगरूपात, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आणि नंदी? तो सतीबरोबर गेला तो येडूरला राहिला, असं गावकरी सांगतात. येडूर कर्नाटकात, कृष्णाकाठीच. तिथलं मुख्य दैवत वीरभद्र, म्हणजे दक्षाचा यज्ञ ज्याने उधळला तोच. त्यामुळे खिद्रापूर बघून येडूर टाळू नका, नाहीतर कथा अर्धीच राहते.

पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, छताला मधोमध गोल मोकळं आकाश. खाली तेवढीच गोल शिळा. आम्ही साडेदहाला पोचलो तेव्हा उन्हाची चकती अजून शिळेवर आली नव्हती, खांबांवर तिरकी पडली होती. आई त्या गार शिळेवर अनवाणी उभी राहून वर बघत राहिली, कितीतरी वेळ. भोवतीचे दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आपापल्या वाहनांसह आहेत, ते एकेक ओळखत फिरा. बाहेर पायथ्याशी हत्तींची रांग आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा फुटलेल्या बघून जीव हळहळतो. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत शिलालेख आहे, तोही चुकवू नका.

जाणाऱ्यांसाठी: कोल्हापूरहून जयसिंगपूर, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असा रस्ता सोयीचा. एसटीने जात असाल तर परतीच्या गाडीची वेळ कुरुंदवाडलाच विचारून घ्या. सकाळी लवकर निघा, दुपारी बाहेरची फरशी पाय भाजते. आतला सभामंडप अंधारा आहे, डोळे सरावेपर्यंत थांबा, मोबाईलचा टॉर्च खांबांवरच्या नक्षीपुरताच वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये पुराचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नका, कृष्णा अगदी जवळ आहे. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या गोल झरोक्यावर येतो तेव्हा गर्दी असते, पण जमलं तर तीच रात्र गाठा.

जेवण आम्ही वाडीला केलं. दत्ताचं दर्शन, मग बासुंदी. येडूरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. नंदी दिसताच आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या मालकाला भेटून आले रे."