तुम्ही विचारलंत म्हणून : उन्हाळ्याच्या सुट्टीतच रायडिंग बंद का?

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. प्रश्न एकच, सूर तेवढा वेगळा. "सर, पोरांना आत्ता कुठे सुट्ट्या लागून राहिल्या आणि तुम्ही नेमकं आत्ताच बंद करता?" कोणी हसत विचारतं, कोणी फीची आठवण करून देतं. एका आजोबांनी तर सरळ ऐकवलं, "सुट्टी तुम्हाला पाहिजे, घोड्यांचं नाव कशाला पुढे करता?" नागपुरात काटोल रोडवरच्या आमच्या नऊ घोड्यांच्या पागेत १५ एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत कोणी खोगिरावर चढत नाही. चार वर्षं झाली या नियमाला. दरवर्षी मी "ऊन फार आहे" म्हणून वेळ मारून नेतो. आता नागपूरच्या माणसाला ऊन फार आहे हे मी काय सांगणार! तो कूलरचा पंप बदलून मोकळा होतो आणि दुपारी बाराला बर्डीवर खरेदीला जातो. म्हणून यंदा सगळं लिहूनच टाकतो.

आधी तुमची बाजू, कारण ती कच्ची नाही. घोडेवाल्यांचं एक जुनं गणित आहे. फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज करायची. १३० च्या आत आली तर काम करा, १५० च्या वर गेली तर जपून, १८० च्या वर गेली तर खोगीर खुंटीवरच राहू द्या. आता आपला मे घ्या. ४५ अंश म्हणजे ११३ फॅरेनहाइट, दुपारचा दमटपणा १५ टक्के. बेरीज १२८. बिनधास्त पळवा! आणि सप्टेंबर? ३३ अंश म्हणजे ९१, दमटपणा ८०. बेरीज १७१. थोडक्यात, जो महिना आम्ही चालवतो तो वाईट आणि जो बंद ठेवतो तो उत्तम. एका इंजिनियर पालकांनी हे मला कागदावर मांडून दाखवलं. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि विषय बदलला.

नंतर सुचलेलं उत्तर असं. या बेरजेत ऊन धरलेलं नाही. रायडिंगच्या मैदानातली तापलेली वाळू नाही, टिनाचं छप्पर नाही. शिवाय हवा अंगापेक्षा गरम झाली की अंगातली उष्णता नुसत्या हवेत जात नाही, उलट बाहेरची आत येते. मग उरतो फक्त घाम. घोड्याच्या अंगात स्नायू भरपूर आणि त्या मानानं कातडी कमी, त्यामुळे तो माणसाच्या आधी तापतो. कष्टाच्या कामात तासाला दहा लिटरच्या वर घाम जाऊ शकतो, आणि त्याचा घाम आपल्यापेक्षा खारट. आपल्याला घाम आला की रक्त घट्ट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामात पाण्याबरोबर क्षारही निघून जातात, म्हणून रक्ताला काही कमी पडलंय याचा पत्ताच लागत नाही. घामाघूम घोडा बादलीकडे ढुंकून बघत नाही तो यामुळे. नखरा नव्हे तो. सप्टेंबरमध्ये निदान तुम्हाला घाम दिसतो, मांड्यांच्या मध्ये साबणासारखा फेस येतो. मेमध्ये तो आला तसा वाळतो. खोगिराखालच्या नमद्यावर पांढरी खार चढते, ती बघूनच किती गेला याचा अंदाज करायचा.

"घोडा तर राजस्थानचा प्राणी ना?" मारवाडी घोडा मारवाडातही मेच्या दुपारी सावलीच शोधतो. आणि आमच्याकडे मारवाडी दोनच आहेत, बाकीचे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड. त्यांच्या रेसचा हंगाम मुंबईत नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्यात जुलै ते ऑक्टोबर. मधला मे-जून तिथंही मोकळाच.

"मग लग्नातली घोडी?" ती वरातीनंतर कशी असते हे बघायला तुम्ही थांबत नाही. तुम्ही जेवायला जाता.

हे सगळं मला आधीही माहीत होतं, आणि तरीही आम्ही समर कॅम्प घेत होतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहाची बॅच. सहाला ऊन कलतं, मैदानावर पाणी मारलेलं असतं, पोरं अर्धा तासच बसतात, त्यातही बहुतेक चाल आणि थोडी दुडकी. तेव्हाच्या मला विचारलं असतं तर त्यानं हीच वाक्यं याच क्रमानं म्हटली असती. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस होता आणि कॅम्पचा शेवटचा. आदल्या रात्री वादळी पाऊस झाला, पारा ४४ वरून ३९ वर उतरला, आणि आम्ही खूश. आईवडिलांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. तीन क्रॉस पोल, म्हणजे दोन दांड्या फुलीसारख्या लावून केलेले बुटके अडथळे. मैना ही आमची सगळ्यात भरवशाची घोडी, तेरा वर्षांची थरोब्रेड. तिच्यावर त्या दिवशी तिसरी फेरी चालू होती. वर दहा वर्षांची एक मुलगी. कुंपणाजवळून जाताना ती म्हणाली, "सर, मैनाला आज घामच नाही आला."

मी म्हटलं, "शहाणी आहे ती. दमत नाही."

पुढच्या फेरीत मैना फुलीसमोर थांबली. अडून थांबणारा घोडा मान वर करतो, बाजूला सरकतो. ही नुसती उभी राहिली. नाकपुड्या रुंद, बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या, मागचे पाय किंचित झुलत होते. मुलीला उतरवलं, खोगिराचा पोटपट्टा सोडला, खोगीर काढलं. खोगिराखाली तळहाताएवढा ओला डाग, बाकी सगळं अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. थर्मामीटर लावला, ४१.४ अंश. निरोगी घोड्याचं ३७.५ ते ३८.५ असतं. श्वास मिनिटाला शंभराच्या वर. उभ्या घोड्याचे फार तर सोळा.

पाईप हातात घेतला तेव्हा सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा आमचा माणूस, म्हणाला, "गरम घोड्यावर थंडं पाणी नका टाकू सर, आखडून जाईन ते." हे त्याचं एकट्याचं मत नव्हतं. मीच पोरांना वर्षानुवर्षं तसं शिकवत होतो. म्हणून आम्ही पाय भिजवले, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि तिला हळूहळू फिरवलं. बारा मिनिटं. पुन्हा थर्मामीटर लावला, ४१.७.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी यावर भरपूर काम झालं होतं. दमट उन्हाळ्यात घोडे धावणार होते म्हणून तापलेल्या घोड्यांवर बर्फाचं पाणी ओतून तपासलं गेलं. घोडे आखडले नाहीत, लवकर सावरले. हे मी वाचलेलं होतं. ऐन वेळी हातांनी मात्र जुनंच केलं. त्या बारा मिनिटांबद्दल आजवर मला कोणी विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.

मग पाईप सोडला, तर पाणी चटका देणारं. काळी टाकी टिनावर, पाईप दिवसभर उन्हात पसरलेला. त्यात चहापत्ती टाकली असती तर रंग उतरला असता. बोअरची मोटर लावून थेट तिथून पाणी घेतलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं बर्फाच्या दोन लाद्या दिल्या, त्या ड्रममध्ये फोडल्या. तीन माणसं, तीन बादल्या. मान, छाती, पाठ आणि मांड्यांच्या आतली बाजू, जिथं शिरा वर असतात. ओतायचं आणि ओतत राहायचं. ओतून निथळत ठेवलं तर कातडीवरचंच पाणी तापतं. मध्ये थांबून पाणी निपटून काढायची जुनी रीत आहे, पण सतत ओतत असाल तर तिची गरज नाही. वीस मिनिटांत ४०.२, आणखी पंधरा मिनिटांत ३९. तिथं थांबलो, कारण त्यानंतर तापमान आपोआपच थोडं उतरतं. प्यायला दोन बादल्या ठेवल्या, एक साध्या पाण्याची आणि एक क्षार घातलेल्या पाण्याची. नुसती खारी ठेवली तर काही घोडे पाणीच सोडतात.

डॉक्टर पन्नास मिनिटांत आले. रात्रभर सलाईन चाललं, तीसेक लिटर. पहाटे दोनला तिनं लघवी केली ती काळ्या चहाच्या रंगाची. स्नायू फुटले की असं होतं. सकाळी तिनं गवताला तोंड लावलं आणि आम्ही जिंकलो असं समजलो. चौथ्या दिवशी ती पुढचे पाय लांब ठेवून मागे रेलून उभी होती. खुरं गरम, घोट्याच्या मागची नाडी ठणठणत होती. लॅमिनायटिस. अंगाचा भडका उतरला तरी तो खुरात निघू शकतो. आतलं हाड ज्या पडद्यांनी खुराला धरून असतं ते सुटायला लागतात. तीन दिवस तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले. एक्स-रेत हाड थोडं फिरलेलं दिसलं. मैना अजून तिसऱ्या गाळ्यात आहे, खाते-पिते, चालते. तिच्यावर त्यानंतर कोणी बसलं नाही.

आता इथं मला माझ्याच नियमाविरुद्ध बोलावं लागतं. डॉक्टरांच्या मते मैनाचा घाम त्या दिवशी बंद झाला नव्हता, काही आठवडे आधीपासून आटत आला असावा. कपाळावरचे केस विरळ झाले होते, कातडीला कोंडा सुटला होता, कामानंतर ओलं व्हायचं ते फक्त आयाळीखाली आणि खोगिराखाली. हे मी बघत होतो आणि खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासणं, कमी पडतोय म्हणून सईसाला बोलत होतो. मग दोष मेचा की माझ्या डोळ्यांचा? इंजिनियर साहेब म्हणतात, "एका घोडीवरून नऊ घोड्यांचा नियम करता?" हो, करतो. रोज प्रत्येक घोड्याचा घाम नीट तपासला तर पहाटे साडेपाचची बॅच घेता येईल, हेही मी नाकारत नाही. पण सहा पोरं, सहा आया आणि एक मी, यात ते रोज नीट तपासलं जाईल याची खात्री मला माझ्याबद्दलच वाटत नाही.

"मग दोन महिने घोडे बसून खातात का?" बसून नाही, उभ्यानं. नालबंद बहुतेकांचे नाल काढतो, खुरं मोकळी पसरतात, दर पाच-सहा आठवड्यांनी तासणी मात्र चालू राहते. दातांच्या कडा टोचायला लागलेल्या असतात, त्या घासून घेतो. काम नाही म्हणून चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, निम्म्यावर येते. हरभरा आणि ओट कमी केले नाहीत तर रिकामा घोडा पोटदुखीनं लोळतो. गवत कमी होत नाही. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो वाळलं गवत, त्यातलं जास्त रात्री. हिवाळ्यात पंचवीस-तीस लिटर पिणारा घोडा मेमध्ये साठच्या वर जातो, म्हणून बादल्या मोजून भरतो. खुराकात रोज मूठभर मीठ. गाळ्यांना कूलर आहेत, तेच वुडवूलचे, तुमच्या घरी आहेत तसे. पहाटे पाचच्या आत हातात दोरी धरून वीस मिनिटं चालवतो.

या काळात पोरांना यायचं असेल तर दार उघडं आहे. खरारा करा, खुरं साफ करा, नाडी मोजायला शिका, थर्मामीटर लावायला शिका. हिवाळ्यातल्या शोमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेत, दांडी पडली की चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, लागतात. त्या दांडीचं कारण कित्येकदा न बघितलेल्या खुरात असतं. यावर मिळालेलं उत्तर असं : "पैसे बसायचे दिले सर, लीद उचलायचे नाही." म्हणून आता फी दहा महिन्यांचीच घेतो. बंद महिन्यांचा खर्च त्या दहांत विभागलेला आहे, हे ओळखायला इंजिनियर लागत नाही. लपवत नाही.

राहिला सप्टेंबर. बेरीज १७१, आणि वर्ग चालू. अर्ध्या तासाचे केलेत, सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक घोड्याच्या छातीवर तळहात ठेवतो, ओला लागला नाही तर त्या दिवशी त्याला सुट्टी. मागच्या सप्टेंबरमध्ये अशा दोघांना दिली. तो महिना का चालू ठेवता, असं अजून एकाही पालकानं विचारलेलं नाही. तेव्हा शाळा चालू असतात, पोरं संध्याकाळी मोकळी असतात, आणि डिसेंबरच्या शोची तयारी तेव्हाच सुरू करावी लागते. इंजिनियर साहेबांचा कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.