तुम्ही विचारलंत म्हणून: रोमांच्या गाण्यात आपलं काय आहे?

युरोपातल्या रोमा आणि सिंती (म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या) वादकांच्या रेकॉर्ड ऐकवायला बसलं की तासाभरात कुणीतरी हा प्रश्न टाकतंच: "ही मंडळी मूळची आपल्याकडचीच ना? मग त्यांच्या गाण्यात आपले राग, आपले ठेके सापडतात का?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. माझं उत्तर 'जवळजवळ नाही' असं आहे. एवढंच सांगून थांबलं की लोकांचा विरस होतो, म्हणून जरा सविस्तर.

मूळ इकडचं, यात वाद नाही. रोमानी भाषा हिंदी-मराठीच्याच कुळातली आहे आणि साधारण हजार वर्षांपूर्वी हे लोक पश्चिमेकडे निघाले, असं अभ्यासक मानतात. पुरावा म्हणून फिरदौसीच्या शाहनाम्यातली एक गोष्ट मात्र उगाच फिरवली जाते. इराणच्या बहराम गोर राजाने हिंदुस्थानातून दहा हजार वादक मागवले, त्यांना बैल आणि गहू दिले, आणि या पठ्ठ्यांनी शेती करायच्या ऐवजी दोन्ही खाऊन टाकलं! गोष्ट झकास आहे. पण पाचव्या शतकातल्या राजाबद्दल अकराव्या शतकाच्या तोंडावर लिहिलेलं ते महाकाव्य आहे, सातबारा नव्हे.

मग भैरव कुठून येतो? कारण तो येतो, हे खरंच. बाल्कनमधल्या एखाद्या ब्रास बँडची रेकॉर्ड लावली की कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत ऐकून जाणकार माना डोलावतात. निषाद शुद्ध लागला तर भैरव, कोमल लागला तर बसंत मुखारी, असं नाव ठेवून मोकळेही होतात. पण हे स्वर उस्मानी (ऑटोमन तुर्कांच्या) राजवटीत तिथे मुरलेल्या हिजाझ, हिजाझकार या मकामांचे, म्हणजे तुर्की-अरबी संगीतातल्या रागांसारख्या स्वररचनांचे आहेत. तुर्क, ग्रीक, बल्गेरियन सगळेच ते गातात. दोन-दोन-दोन-तीन अशा नऊ मात्रांचंही तेच. इस्तंबूलच्या रोमा क्लॅरिनेटवाल्यांनी तो ठेका असा काही झुलवलाय की तो त्यांच्याच नावावर जमा झाला, पण त्या भागात त्यावर सगळेच नाचतात. आणि सूर जुळले म्हणून राग जुळत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

खरं कारण धंद्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या लग्नात, बारशात, जत्रेत वाजवून पोट भरणारा माणूस यजमानाला आवडतं तेच वाजवतो. हंगेरीत हंगेरियन, तुर्कस्तानात तुर्की. आजच्या रुमानियाचा भाग असलेल्या वालाकिया आणि मोल्दाव्हियात तर 1855-56 पर्यंत रोमा कायद्याने गुलाम होते. जमीनदारांच्या आणि मठांच्या मालकीचे. त्यांच्यातले जे वाजवणारे, ते लाउतारी. आपल्याकडे लग्नात सनई हवी असायची, पंगतीत सनईवाला नको असायचा, त्यातलाच हा प्रकार. मालकाची करमणूक करताना हजार वर्षांपूर्वीची चाल कोण कशाला जपून ठेवील?

यावर मोठ्या माणसांची भांडणंही झाली. 1859 मध्ये हंगेरीत जन्मलेल्या फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराने पुस्तक लिहून जाहीर केलं की हंगेरीचं संगीत म्हणजे मुळात रोमांचंच संगीत. हंगेरियन लोक भडकले. पुढे बेला बार्तोक या हंगेरियन संगीतकाराने, खेडोपाडी हिंडून लोकगीतं गोळा केल्यावर, बरोबर उलटं सांगितलं: हॉटेलांतले रोमा बँड वाजवतात त्या हंगेरियन साहेबलोकांनी रचलेल्या चाली. बार्तोकचं मला जास्त पटतं. पण चाल कुणाची यावरच सगळं ठरवायचं, तर आपल्या कितीतरी बुवांच्या हाती काय उरेल?

वाजवण्याकडे बघा. बुखारेस्टजवळच्या क्लेजानी गावचा म्हातारा व्हायोलिनवादक निकोलाये न्याक्शू (1924-2002) एक करामत करायचा. व्हायोलिनच्या तारेला गजाचा केस बांधायचा, गज बाजूला ठेवायचा, आणि तो केस बोटांच्या चिमटीत धरून ओढायचा. त्यातून जो खरखरीत, घसा बसल्यासारखा आवाज निघतो, त्यावर तो रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या पाडावाचा पोवाडाच म्हणावा असं कथागीत गायचा. गावच्या लोकांच्या ताराफ द हाइदुक्स या बँडची पहिली रेकॉर्ड 1991 मध्ये निघाली, तेव्हा बाहेरच्या जगाने हे ऐकलं.

किंवा गिटारवादक जँगो राइनहार्ट. 1910 मध्ये बेल्जियममधल्या लिबेर्शीत जन्मलेला, सिंतींचीच फ्रेंच शाखा असलेल्या मानूश कुटुंबातला. 1928 मध्ये राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी व अनामिका आखडली. पुढच्या सगळ्या ताना त्याने उरलेल्या दोन बोटांनी मारल्या. 1934 मध्ये स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनसोबत पॅरिसमध्ये त्याचा पंचक जमला. त्यात ड्रम नाहीत. दोन रिदम गिटार एकेक स्वरसंगती झटक्याने वाजवून लगेच दाबून टाकतात आणि त्यावरच ताल उभा राहतो. माल अमेरिकेतला, जॅझचा. पण आज अल्सासपासून हॉलंडपर्यंत सिंती घरांतली पोरं हेच आपलं घराणं म्हणून गिरवतात. त्यांच्यातल्याच गिटारवादक बिरेली लाग्रेनची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता.

आता ते 'जवळजवळ'. हंगेरीतले व्लाख रोमा (रोमांचीच एक शाखा) घरच्या बैठकीत व्हायोलिनला हातही लावत नाहीत. ते परक्यांसाठीचं वाद्य. घरात एक जण संथ गाणं धरतो, बाकीचे ओळीच्या शेवटाला मिळतात. नाचाचं गाणं आलं की चमचे, दुधाची किटली, टाळ्या, आणि तोंडाने घुमवलेला खर्ज. वर जिभेवरून निरर्थक अक्षरांचा मारा. 1978 मध्ये बुडापेस्टात सुरू झालेल्या काली याग या चमूने हे रंगमंचावर आणलं. ते ऐकताना 'अरे, हे तर बोल!' असं माझ्याही मनात येतं. पण तोंडाने ताल धरणारे आयर्लंडमध्येही आहेत, त्यामुळे मी गप्प बसतो.

भारताशी नातं जोडलं ते अलीकडे, ठरवून. 1971 च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. निळ्या-हिरव्या झेंड्यावरचं चाक भारताची आठवण म्हणून तिथेच पक्कं झालं. चंदीगडला 1976 मध्ये रोमा महोत्सव झाला आणि आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येच्या गायिका एस्मा रेजेपोवाला तिथे रोमा गाण्याची राणी म्हणून गौरवलं गेलं. त्याच लंडनच्या परिषदेने 'ग्येलेम, ग्येलेम' हे राष्ट्रगीत मानलं. चाल जुनी, शब्द झार्को योवानोविचचे, 1949 चे. त्यात भारताचं नावही नाही. लांबच लांब वाटा आहेत, तंबू आहेत, आणि 'काळ्या पलटणी'ने मारून टाकलेलं मोठं कुटुंब आहे. ही पलटण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली क्रोएशियाच्या उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेची तुकडी. राग कुठला असं पुन्हा कुणी विचारलं, तर मी आधी हे गाणं लावतो आणि शब्दांचा अर्थ सांगतो.