आमची वाटचाल : बोर्ड नंतर, मोटरी आधी

बाहेरगावचे लोक सोलापूरला चादरीवरून ओळखतात. आमचं पोट मात्र गणवेशावर चालतं. सुरुवात पूर्व भागातल्या एका खोलीत, जुन्या मशीनवर. कापड व्यापाऱ्याचं, शिलाई आमची. पुढं कटिंगही स्वतः करू लागलो आणि दुकानदारांच्या ऑर्डरी थेट येऊ लागल्या.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे आमचा सगळा जोर ऐन उन्हाळ्यात. त्या दिवसांत प्रत्येक मशीनखाली अर्ध्या हॉर्सपॉवरची क्लच मोटर घरघरत असायची. बाई दोरा ओवत असली तरी मोटर फिरतच राहायची, पायाशी ऊब सोडत. गाठीला थोडे पैसे जमले तेव्हा कारखान्याच्या नावाचा नवा बोर्ड लावायचा की मोटरी बदलायच्या, यावर घरात चांगलाच वाद झाला. मोटरी बदलल्या. नवी सर्वो मोटर पायडल दाबलं तरच फिरते, त्यामुळं वीजबिल उतरलं. पण माझ्या मते मोठी सोय वेगळीच. तिचा वेग बांधून ठेवता येतो. विड्या वळणं सोडून शिलाईला आलेल्या आमच्या एका अक्कांना आधी मशीन आवरायची नाही. कॉलरच्या टोकाशी टाका नेमका थांबवायला त्या कमी वेगावरच शिकल्या. आता नव्या मुलींना त्याच शिकवतात.

सुईत काटकसर करणारे कारखानदार मला कधी कळले नाहीत. पॉलिएस्टर मिसळलेल्या पँटच्या कापडावर मशीन पळवली की सुई तापते, वितळलेला तंतू नेढ्यात चिकटतो आणि दोरा तुटत राहतो. टोक बिघडलेली सुई कापडाचे धागे ओढते, आणि ते दिसतं इस्त्री झाल्यावर! म्हणून शर्टाला 14 नंबर, पँटला 16. नखावर टोक ओढून ओरखडा उठला की सुई टाकून द्यायची, मालकाला विचारायला यायचं नाही.

कटिंग मास्तरांच्या 12 इंची मेरठच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावत नाही. कागद कापायला तर नाहीच. कापडाचे थर एकत्र कापायचं काम उभ्या पात्याच्या मशीनवर होतं, तेव्हा डाव्या हातात स्टीलच्या जाळीचा मोजा हवाच. याबाबतीत मास्तरांचंही ऐकून घेत नाही.

सध्या व्हॅक्यूम टेबल घ्यायचं घाटतंय. ते कापडातली वाफ खाली ओढून घेतं, घडी लवकर बसते. इस्त्रीवाले मामा रोज आठवण करतात, "मालक, मार्चच्या आत आणा. सीझन संपल्यावर आणून मी त्याच्यावर झोपू का?"