पैज दोघांची, कार्यक्रम कमिटीचा

दोन पुरुषांत पैज लागायला फार काही लागत नाही. "काय रे, दमलास?" एवढंही पुरतं. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या वेकफील्डजवळ गॉथॉर्प नावाचं गाव आहे, तिथे 1963 साली असंच झालं. गावच्या 'बीहाइव्ह' पबमध्ये रेजी सेजविक आणि कोळशाचे व्यापारी एमॉस क्लॅफम निवांत पीत उभे होते. तेवढ्यात लुईस हार्टली आला, रेजीच्या पाठीत सणसणीत थाप मारली आणि म्हणाला, पार गळपटलेला दिसतोस की!

रेजीला ते झोंबलं. म्हणाला, घे कोळशाचं पोतं पाठीवर, मीही घेतो. बघू, वरच्या रानापर्यंत आधी कोण पोचतं!

असल्या पैजा ग्लास रिकामा होईतो टिकतात. हीसुद्धा विरली असती, पण तिथे फ्रेड हर्स्ट हजर होते. गावात मे महिन्यात मेपोलचा, म्हणजे उंच सजवलेल्या खांबाचा उत्सव होतो, त्या कमिटीचे हे सेक्रेटरी. ईस्टरच्या सोमवारी काय ठेवायचं, हा प्रश्न कमिटीपुढे होताच. गणपती मंडळात ज्यानं काम केलंय, त्याला हर्स्ट यांच्या डोळ्यांतली चमक इथूनही दिसेल. एक दिवस मोकळा, आणि समोर चालून आलेला फुकटातला कार्यक्रम! त्यांनी दोघांना थांबवलं आणि ठरवूनच टाकलं: ईस्टरचा सोमवार, 'बॅरक्स' ते मेपोल. बॅरक्स म्हणजे 'रॉयल ओक', दुसरा पब. कमिटीच्या कामकाजाला हे शोभलंच.

अंतर 1012 मीटर. पुरुषांना 50 किलो, बायकांना 20. पन्नास किलो म्हणजे सिमेंटची अख्खी गोणी. पण सिमेंट निदान खांद्यावर बसतं तरी, कोळशाचे खडे टोचत राहतात. पोतं मानेमागे आडवं टाकायचं, दोन्ही हातांनी त्याचे कान धरायचे आणि मान खाली घालून सुटायचं. दिसतो तो पायांपुढचा हातभर रस्ता. हात अडकलेले, त्यामुळे पळताना त्यांचा झोका मिळत नाही. ओझं जरा हिंदकळलं की भरपाई गुडघ्यांनी करायची. मेपोलच्या हिरवळीवर पोतं आदळलं की सुटका. डेव्हिड जोन्सनं 1991 साली हे सगळं 4 मिनिटं 6 सेकंदांत उरकलं. ताशी जवळजवळ 15 किलोमीटर! रिकाम्या पाठीनंही मला बस पकडताना हा वेग जमत नाही.

स्पर्धेचं नाव मात्र जागतिक अजिंक्यपद. रस्ता एका गावातला, खिताब जगाचा. बारसं करतानाही कमिटीनं हात आखडता घेतला नाही.

तेव्हा त्या मुलखात कोळसा हाताशी असायचा. रेजीच्या शेजारी तर त्याचा व्यापारीच उभा होता. पोत्याऐवजी दुसरं काही त्याला सुचलं असतं तरच नवल. पुढे 1984-85 चा खाणकामगारांचा मोठा संप झाला, मग एकेक खाण बंद पडत गेली. ब्रिटनमधली शेवटची खोल खाण, केलिंग्ली, यॉर्कशायरचीच. तिला डिसेंबर 2015 मध्ये टाळं लागलं. शर्यत चालूच आहे. खाणी बंद झाल्या म्हणून ईस्टरचा सोमवार थोडाच यायचा थांबतो, आणि त्या दिवशी कमिटीला काहीतरी ठेवावं लागतंच.