हौद्यातली माती आणि १६७ ग्रॅमची लेन्स

लग्नसराईत माझी सोनी २४-७० जीएम लेन्स बारा-बारा तास हातात असते. पहिली आवृत्ती, ८८६ ग्रॅम. गेल्या मे महिन्यात उजवा खांदा असा धरला की केस विंचरायचे वांधे झाले. बायको म्हणाली, "निदान सुट्टीदिवशी तरी ते धूड घरात ठेवा की." म्हणून सेकंडहँड २८-६० लेन्स घेतली. वजन १६७ ग्रॅम. मिटली की जेमतेम साडेचार सेंटिमीटर. कॅमेरा आता भाजीच्या पिशवीतसुद्धा मावतो, मेथीच्या जुडीशेजारी.

एक गंमत. हिचा फिल्टर ४०.५ मिलिमीटरचा. गावात विचारत फिरलो, एका दुकानदारानं ८२, ७७, ६७ असे सगळे काढून दाखवले आणि वर मलाच म्हणाला, "एवढी बारकी लेन्स असत्या व्हय?" शेवटी ऑनलाइन मागवला.

रंकाळ्यावर सकाळी हिच्याबद्दल तक्रार नाही. २४ मिलिमीटरच्या रुंद दृश्याची सवय असल्यानं २८ जरा अरुंद वाटतं, दोन पावलं मागं सरकायचं, झालं.

मग गेलो गल्लीतल्या तालमीत. पहाटे साडेपाच, एक ट्यूबलाइट, वरचा झरोका अजून काळाच. ताक-हळद जिरलेल्या मातीचा तो आंबूस वास. पोरं जोर मारून हौद्यात उतरली. एकानं घिस्सा लावला, मी बटण दाबलं, तर स्क्रीनवर सूचना: लेन्स उघडा. ही पिळून २८ वर आणल्याशिवाय फोटोच निघत नाही, आणि मी विसरलो होतो! उघडेपर्यंत पोरगं चीतपट होऊन लंगोट झाडत उभं.

पुढची कुस्ती ६० वर पकडली. तिथं लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६, म्हणजे माझ्या मोठ्या लेन्सच्या एफ २.८ च्या मानानं उजेड चौपट कमी. जिथं ३२०० आयएसओत (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) भागलं असतं तिथं १२८०० लागला. शटरचा वेग कमी केला की पैलवानाचा हात पुसट. कॅमेऱ्यातला स्टॅबिलायझर माझा हात सावरतो, त्याचा नाही.

नाद सोडला. लेन्स २८ वर, एफ ४ वर ठेवली आणि जे हलत नाही ते टिपत बसलो. भिंतीला टेकवलेलं खोरं. मातीनं भरलेला, मोडून गड्ड्यासारखा झालेला एक कान, अगदी फूटभरावरून. एवढ्या जवळूनही ही फोकस धरते. कुस्त्या संपल्यावर वस्ताद गुडघ्यावर बसून हौद्याची कड हातानं सारखी करत होते, तो फोटो तर सेकंदाच्या तिसाव्या भागाला निघालाय आणि स्वच्छ आहे.

तोच वस्तादांना मोबाइलवर पाठवून दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ बघितला.

"बरा हाय," म्हणाले. "पण ह्यात कुस्ती कुठं हाय?"